सांगलीत रिदमचं काम करायचंय? लॅबआधी ईसीजी पट्टीची सोय बघा

हृदयरोगाचं डीएम संपत आलंय, पुढे ईपीची (हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते त्या आजारांची) फेलोशिप करून सांगलीत परतायचंय, पण तिथे केसेस मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. केसेस भरपूर आहेत. कुठली मॅपिंग सिस्टीम वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. गाडी अडते ती पट्टीपाशी, म्हणजे धडधड चालू असतानाच्या ईसीजीच्या कागदापाशी.

विटा, जत, तासगावचा पेशंट रात्री १८० च्या ठोक्यांनी कॅज्युअल्टीत येतो. ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात, धडधड थांबते, पेशंट घरी. तुमच्यासमोर येतो तेव्हा ईसीजी नॉर्मल आणि कार्डावर शेरा ‘घबराट’. इथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीला (नाव घेत नाही) पट्टी काढून ठेवा असं मी लेखी कळवलं, भिंतीवर लावायला सूचना छापून दिल्या, तरी पट्ट्या आल्या नाहीत. उत्तर ठरलेलं, “पेशंट बरा झाला ना?” झाला, पण ॲब्लेशनने (नळी घालून लय बिघडवणारी जागा जाळून) जिची कायमची सुटका झाली असती ती बाई वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या खात राहते. याचा राग अजून जात नाही.

म्हणून कॅज्युअल्टीतल्या पोरांना हे शिकवा. आधी पूर्ण बारा लीड, सेकंदाला २५ मिमीच्या वेगाने. मग मशीन चालू ठेवूनच कोपराच्या जाड शिरेत ६ मिग्रॅ झटक्यात, लगोलग २० मिली सलाईन. नाही थांबलं तर १२. या औषधाचं अर्धायुष्य १० सेकंदांच्या आत असतं. हाताच्या पंजावरच्या बारीक शिरेतून दिलं की वाटेतच संपतं आणि ‘लागू पडलं नाही’ अशी नोंद होते. थांबतानाचे चार-पाच ठोके सोन्यासारखे. शेवटच्या क्यूआरएसमागे (खालच्या कप्प्यांच्या ठोक्यामागे) पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची खूण) दिसून थांबलं, तर एट्रियल टॅकिकार्डियाची (वरच्या कप्प्यातून उठणाऱ्या धडधडीची) शक्यता फार कमी. ठोके विरळ होऊन मधे करवतीचे दाते दिसले तर फ्लटर (वरच्या कप्प्यांची अतिवेगवान लय). गती १५० ला चिकटून बसली असेल तर ही शंका आधीच घ्या.

अनियमित, रुंद आणि अतिवेगवान ठोके असतील तर मात्र ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिगॉक्सिन काहीच नको. डब्ल्यूपीडब्ल्यूमधलं (हृदयात जन्मजात जादा विद्युतमार्ग असतो त्या आजारातलं) एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, असू शकतं. तिथे बीपी ढासळत असेल तर थेट शॉक. दमेकऱ्यांनाही ॲडेनोसिन जपूनच. (हे सगळं डॉक्टरांसाठी आहे, वाचून कुणी घरी काही करू नये.)

पट्टीचा मोबाइलवर लगेच फोटो काढायला लावा, नाव-तारीख-वेळ लिहून. थर्मल कागद उन्हात फिका पडतो आणि हौसेने लॅमिनेट केला तर काळा होतो.

माझं मत, पटलं तर घ्या: ॲब्लेशनच्या लॅबसाठी कर्ज काढण्याआधी या छोट्या कॅज्युअल्ट्या फिरून घ्या. आणि फेलोशिपच्या मुलाखतीत नावाला भुलू नका. तिथल्या आधीच्या फेलोला गाठून विचारा, स्वतःच्या हाताने किती ॲब्लेशन करू दिली, आणि पेसमेकरचं प्रोग्रॅमिंग कंपनीच्या माणसावर न सोडता शिकवतात का.