वाचकांचे प्रश्न : बालहक्कांवर देखरेख नेमकी कोणाची?

प्रश्न : आमच्या शाळेतील शिबिरात एका वक्त्यांनी सांगितले, की कोणत्या देशात मुलांचे हक्क पाळले जातात हे युनिसेफ तपासते आणि दोषी देशांवर कारवाई करते. हे बरोबर आहे का? आणि बरोबर असेल, तर आपल्याकडे बालमजुरी इतकी वर्षे कशी टिकली?
– एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा

उत्तर : विधानाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत, पण ही चूक पुष्कळांची होते. युनिसेफ लसीकरण, पोषण, शिक्षण अशा कामांत सरकारांच्या बरोबरीने उतरणारी संस्था आहे. बालहक्क समितीला ती माहिती आणि सल्ला देते, परंतु तपासणी करते ती ही समितीच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या ४३व्या कलमात या समितीची तरतूद आहे. सुरुवातीला तिचे १० सदस्य होते, आता १८ आहेत. संहिता स्वीकारलेले देश त्यांना निवडून देतात, मात्र निवडून आल्यावर ते देशाचे प्रतिनिधी न राहता व्यक्तिगत नात्याने, तज्ज्ञ म्हणून काम करतात.

संहिता स्वीकारल्यापासून दोन वर्षांत पहिला अहवाल आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पुढचा, असे बंधन प्रत्येक देशावर आहे. सरकारने स्वतःच लिहिलेला अहवाल म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच तपासलेली उत्तरपत्रिका, अशी शंका आपल्यासारख्या शिक्षिकेला येणारच. त्यावर उपाय म्हणून स्वयंसेवी संस्थांना, राष्ट्रीय आयोगांना आणि खुद्द मुलांनाही आपले वेगळे, पर्यायी अहवाल समितीकडे पाठवता येतात. सरकारी अहवालात जे सोयीस्करपणे गाळलेले असते ते बहुधा या कागदांतूनच समितीपुढे येते आणि म्हणून माझ्या मते या साऱ्या पद्धतीचा कणा सरकारी अहवाल नसून हे पर्यायी अहवाल आहेत. त्यांच्या आधारे समिती सरकारला लेखी प्रश्न पाठवते, जिनिव्हा येथील खुल्या बैठकीत सरकारी शिष्टमंडळाला समोरासमोर विचारणा करते आणि शेवटी आपली निरीक्षणे व शिफारशी प्रसिद्ध करते.

आता कारवाईविषयी. समिती दंड करू शकत नाही, निर्बंध लादू शकत नाही आणि तिच्या शिफारशी न्यायालयाच्या हुकमासारख्या बंधनकारकही नसतात. अहवाल वर्षानुवर्षे रखडला, तरी तिच्या हाती स्मरणपत्रांपलीकडे फारसे काही नसते.

आपण विचारलेली बालमजुरी हे याचे बोलके उदाहरण आहे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संहिता स्वीकारली तेव्हाच बालमजुरीपासून संरक्षण देणाऱ्या ३२व्या कलमाबाबत एक घोषणा जोडली, की प्रत्येक कामासाठी किमान वय तातडीने ठरवणे व्यवहार्य नाही, हे कलम टप्प्याटप्प्याने अमलात आणले जाईल. भारताच्या अहवालांची तपासणी २०००, २००४ आणि २०१४ मध्ये झाली आणि ही घोषणा मागे घ्यावी, असे समितीने वारंवार सुचवले. पुढे बालमजुरीविरोधी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली, पण शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली गेली. शेतमजुरी करणाऱ्या घरांत ‘मदत’ कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी? २०१७ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे कामाचे किमान वय आणि बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार यांविषयीचे १३८ आणि १८२ क्रमांकांचे करार मंजूर केले, त्यामुळे त्या संघटनेची तज्ज्ञ समितीही आता या विषयावर सरकारकडे खुलासा मागू शकते.

मग या शिफारशींचा उपयोग काय? देशातल्या देशात कोणी त्या हाती धरल्या, तर बराच होतो. मुलांसाठी स्वतंत्र वैधानिक आयोग नेमावा, असे समितीने २००० मध्ये म्हटले होते. त्यासंबंधीचा कायदा २००५ मध्ये झाला आणि २००७ मध्ये राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. विवाहित अल्पवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचारही गुन्हा ठरावा, ही शिफारस २०१४ ची आहे. त्यानंतर एका संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये बलात्काराच्या कायद्यात पतीला सूट देणारी पत्नीच्या वयाची १५ वर्षांची मर्यादा १८ वर नेली आणि तो निकाल देताना संहितेचाही आधार घेतला. समितीने सांगितले म्हणूनच हे घडले, असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल, कारण याचिका, आंदोलने आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा आधीचा २०१२ चा पॉक्सो कायदा यांचा वाटा मोठा आहे. त्या पॉक्सो कायद्याच्या उद्देशिकेतच संहितेचा आणि ११ डिसेंबर १९९२ या तारखेचा उल्लेख आहे, हे आपल्या शिबिरात अवश्य वाचून दाखवावे.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. माझ्यासारखी मुलगी या समितीकडे थेट तक्रार करू शकते का?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : भारताविरुद्ध नाही. वैयक्तिक तक्रारींची सोय संहितेच्या तिसऱ्या ऐच्छिक करारात आहे. तो १४ एप्रिल २०१४ पासून लागू झाला, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. उत्तराखंडमधील रिधिमा पांडे हिने ग्रेटा थुनबर्ग आणि इतर मुलांसह २०१९ मध्ये हवामानबदलाविषयी या समितीकडे तक्रार केली, तेव्हा ती अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्ध होती. देशाच्या सीमेबाहेरील मुलांना होणाऱ्या हानीबद्दलही त्या देशाला जबाबदार धरता येऊ शकते, हे समितीने २०२१ मध्ये मान्य केले. मात्र मुलांनी त्या त्या देशातील न्यायालयांत आधी दाद मागितली नव्हती, म्हणून तक्रार दाखल करून घेतली नाही.

आपल्यासाठी जवळचा मार्ग महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचा आहे. चौकशी करताना त्याला साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. एखादे मूल संकटात असेल, तर मात्र अर्ज लिहीत बसू नये, १०९८ या क्रमांकावर लगेच फोन करावा.