जॅझची शिकवणी : वाचकांचे नेहमीचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेकांचं मूळ कुठूनतरी कानावर पडलेल्या अर्धवट माहितीत असतं. म्हणून यावेळी नेहमीचे प्रश्न एकत्र घेतो.

नागपुरात राहून जॅझ शिकता येईल, की मुंबई-गोवाच गाठावं लागेल? (विद्यार्थी, धरमपेठ)

येईल. आपल्याकडे जॅझ रुजला तो मुंबईत, हे खरं आहे. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात परदेशी वादक वाजवत. त्यांच्यासोबत आणि त्यांना ऐकून गोव्याचे वादक तयार झाले आणि त्यांतले बरेच पुढे हिंदी चित्रपटांत गेले. संगीतकार सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकाचा ट्रम्पेट आहे. पण आठवड्यातून एक तास शिक्षकासमोर आणि रोज एक तास घरी, एवढं नागपुरातही जमतं. फक्त शिक्षकाला स्वतः वाजवताना ऐकल्याशिवाय नाव घालू नका.

मुलगी सहा वर्षांची आहे. सॅक्सोफोन सुरू करू का?

थांबा. समोरचे दुधाचे दात पडून कायमचे नीट येऊ द्या आणि दंतवैद्याला विचारा. तोवर तिला गाऊ द्या.

ऑनलाइन अगदी स्वस्तात नवा अल्टो सॅक्सोफोन मिळतोय, सोबत ठेवायची पेटी, पट्टा, रीड (तोंडाशी लावायची वेताची पट्टी) सगळं. घेऊन टाकू?

नको. फोटोत सगळेच सॅक्सोफोन चमकतात. अशा वाद्यांच्या चाव्यांचा धातू मऊ असतो, भोकं झाकणारे पॅड घट्ट बसत नाहीत आणि खालचे सूर निघेनासे होतात. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याच फुंकेत दम नाही, आणि दोन महिन्यांत तो सोडून देतो. ‘सोबत सगळं फुकट’ हे आमिष आहे. चांगला माउथपीस (फुंकायचं तोंड) आणि दीड-दोन नंबरचं रीड वेगळं घेतलेलं बरं. जुनं पण नीट दुरुस्त केलेलं वाद्य चालेल, मात्र पैसे देण्याआधी वाजवणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आणि घेतल्यावर मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात पॅड चिकटवलेला लेप सैल होतो.

दोन वर्षांपासून गिटार शिकून राहिलो आहे. मोबाइलवरच्या कोर्समधून सगळ्या स्केल (सुरांच्या ओळी), त्यांचे सगळे प्रकार म्हणजे मोड पाठ झाले. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला की काही सुचत नाही. मित्र म्हणतो, जॅझमध्ये नियम नसतात, मनात येईल ते वाजव.

मित्राचं ऐकू नका. ‘जॅझला नियम नसतात’ या एका वाक्याने जितके विद्यार्थी वाया गेलेले मी पाहिलेत, तितके आळसानेही गेले नसतील. वादक ऐनवेळी सुचेल ते वाजवतो, पण त्याखाली कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची) ठरलेली साखळी चालू असते, मात्रा मोजलेल्या असतात, आणि ब्लूज हा प्रकार असेल तर बारा बार (चार-चार मात्रांचे बारा भाग) संपल्यावर सगळ्यांनी एकदम पहिल्या बारवर यायचं असतं.

मेहनत तुम्ही केलीत, क्रम उलटा झाला. बाराखडी पाठ आहे, पण ती भाषा बोलताना कुणाला ऐकलेलं नाही, अशी तुमची गत आहे.

एफमधला ब्लूज घ्या. चार बार एफ सेव्हन, दोन बार बी फ्लॅट सेव्हन, पुन्हा दोन बार एफ सेव्हन, मग एक बार सी सेव्हन, एक बार बी फ्लॅट सेव्हन आणि शेवटी दोन बार एफ सेव्हन. आता सगळ्या स्केल विसरा आणि दोनच सूर धरा. चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर ए, तिसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर ई फ्लॅट. हा एफ सेव्हनचा गाभा. पाचवा बार आला की दोन्ही बोटं एकेक फ्रेट मागे घ्या. ए चा ए फ्लॅट झाला, ई फ्लॅटचा डी झाला. कॉर्ड बदलली, आणि ती तुमच्या कानाला कळली. हेच दोन सूर आधी गाऊन दाखवता आले पाहिजेत. मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा, पहिली मात्रा तुमची तुम्ही सांभाळा.

मग एका जुन्या वादकाचा एकच छोटा सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) निवडा. तोंडपाठ गा, नंतर वाजवा. टॅबची (कुठल्या तारेवर कुठलं बोट ते लिहिलेल्या कागदाची) पीडीएफ विकत घेऊ नका. पुढे मोठा सॅक्सोफोनवादक झालेल्या चार्ली पार्करने 1937 च्या उन्हाळ्यात काउंट बेसीच्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्ड लावून त्यातल्या लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाचे सोलो कानानेच बसवले होते. त्याला जे कष्ट चुकले नाहीत ते तुम्हाला एखादं अ‍ॅप चुकवून देईल, ही जाहिरात आहे.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झोकदार चालीत, सुरांच्या जोडीतला पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड असतो, पण किती, ते लयीबरोबर बदलतं. लय वाढली की फरक कमी होत जातो. आपलं बिघडलेलं स्विंग आपल्याला ऐकू येत नाही. त्यासाठी समोर जाणता माणूस हवा. कुणाकडेही जा, पण जा.

मी पेटी शिकले आहे. जॅझ पियानो सोपा जाईल का?

उजवा हात, कान आणि लय उपयोगी पडतील. डावा हात आजवर भात्यावर होता, तो शून्यापासून शिकवावा लागेल. आणि आपल्याकडे षड्ज हलत नाही, इथे पायाच दर दोन-चार मात्रांनी सरकतो. पहिले काही महिने मार्गदर्शनाखालीच काढा.

गिटार वाजवतो. डाव्या हाताच्या करंगळीला तीन महिन्यांपासून मुंग्या येतात. ओळखीच्यांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलंय.

तीन महिने! चेंडू बाजूला ठेवा, गिटारही बाजूला ठेवा, आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. नस कोपराशी दाबली जातेय की मानेशी, हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि उशीर अंगाशी येतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बसण्याची आणि मनगटाची ठेवण शिक्षकाकडून बघून घ्या.

एका क्लासने वर्षाची फी आगाऊ भरल्यास सवलत आणि ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ देऊ केलं आहे.

महिन्याचीच भरा. प्रमाणपत्र कोणतं मंडळ देतं आणि परीक्षक कोण, ते लेखी विचारा. ग्रेडच्या परीक्षांना माझा विरोध नाही, शिस्त लागते. पण आधी एक तास बसून वर्ग बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा.

शिक्षक पुण्याला आहेत. व्हिडिओ कॉलवर चालेल?

दुरुस्त्या सांगण्यापुरतं चालेल. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. महिन्यातून एकदा तरी समोर बसा.

फ्लॅटमध्ये सराव केला की शेजारी तक्रार करतात. (मनीषनगर)

सॅक्सोफोनमध्ये कापड कोंबू नका, सूर बिघडतो. शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळची एक ठराविक वेळ मागा, आणि घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे का ते आधी विचारा.