तीन खुंट एका रेघेत, तरी प्रोग्राम नाही म्हणतो

प्रश्न: मी सी प्लस प्लसमध्ये शेतजमिनीच्या मोजणीसाठी छोटा प्रोग्राम लिहितोय. बांधावरचे तीन पॉइंट आहेत, (०, ०.३), (१, ०.६), (२, ०.९), मीटरमध्ये. डोळ्यांना सरळ रेघ दिसते, प्रोग्राम म्हणतो नाही. एप्सिलॉन (इतका बारीक फरक असला तरी सारखंच समजायचं, अशी मुभा) टाकून भागवलं तर आता दोन प्लॉटचा कॉमन भाग काढताना अधूनमधून क्रॅश होतो. मित्र म्हणतो सीगॅल (CGAL, भूमितीच्या तयार कोडची लायब्ररी) टाक. फरक पडेल का? फुकट आहे ना ते?

उत्तर: पडेल, पण नुसतं टाकून नाही. ०.३ हा आकडा बायनरीत नीट बसतच नाही, एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की कसं ३३३३ संपतच नाही, तसंच. डबलमध्ये (सी प्लस प्लसचा दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार) ०.९ मधून ०.३ वजा करून बघा, ०.६००००००००००००००१ येईल, आणि तेवढ्यावर तुमची रेघ वाकडी. एप्सिलॉनचा घोळ असा की अ आणि ब सारखे, ब आणि क सारखे, पण अ आणि क वेगळे निघतात, मग पॉलिगॉनचा कोड गोंधळतो आणि आपटतो.

सीगॅल १९९६ पासून चाललंय, युरोप आणि इस्रायलमधल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी मिळून सुरू केलेलं. त्यात कर्नल, म्हणजे बिंदू-रेघांचं मूळ गणित कसं करायचं ते ठरवणारा भाग, निवडायचा असतो आणि सगळे चुकतात ते इथेच. एक कर्नल ‘डावीकडे वळतो का, रेघेत आहे का’ याचं उत्तर बरोबर देतो पण नवीन काढलेले छेदबिंदू राउंड करतो, तुम्हाला छेदच काढायचाय तेव्हा दुसरा घ्या, ज्यात नवीन बिंदू काढणंसुद्धा एक्झॅक्ट असतं. स्लो आहे, पण तितका नाही, कारण आधी इंटरव्हलवर (उत्तर कुठून कुठपर्यंत असेल त्या टप्प्यावर) झटपट अंदाज घेतो आणि शंका आली तरच मोठ्या आकड्यांचं गणित करतो.

आणि गंमत म्हणजे हा कर्नल घेऊनही तुमचे ते तीन पॉइंट रेघेत येणार नाहीत! ०.३ डबल म्हणून दिलात की चूक आधीच आत शिरलेली, कर्नल बिचारा त्या चुकीचंच अचूक गणित करणार. मिलिमीटरमध्ये पूर्णांक द्या, ३००, ६००, ९०० (आणि हो, मग १ चे १००० करायला विसरू नका).

फुकटचं म्हणाल तर कर्नल वगैरे पाया एलजीपीएलमध्ये आहे (हे सैल ओपन सोर्स लायसन्स), पण पॉलिगॉनचा छेद जीपीएलमध्ये (हे कडक, प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर तुमचा सोर्सही द्यायला लावणारं). घरी वापरा खुशाल, पण सोर्स न देता विकणार असाल तर कमर्शियल लायसन्स घ्यावं लागेल.