पाकट मासा आणि रानातला कोल्हा या प्राण्यांत नेमका फरक काय?

दोघेही पाठीचा कणा असलेले आणि जबडा असलेले प्राणी, पण त्यांच्या वाटा ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. बांगड्यासारखा हाडांचा मासा नात्याने पाकटापेक्षा कोल्ह्याला जवळचा आहे, हे अनेकांना पटत नाही. पण पाकट शार्कच्या कुळातला, कूर्चेच्या (हाडांऐवजी लवचिक ऊतीच्या) सांगाड्याचा आहे.

पाकटाच्या कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात. वाळूत दबून बसल्यावर त्या बुजू नयेत म्हणून तो डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत ओढतो. वाळूखालचा खेकडा दिसत नसला तरी त्याच्या शरीरातली सूक्ष्म वीज पाकटाला तोंडाभोवतीच्या संवेदी छिद्रांतून कळते. कोल्हा उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी. तांबडा कोल्हा बर्फाखालचा उंदीर कानांनी हेरतो आणि वरून झेप घेतो.

खरा महत्त्वाचा फरक प्रजननात आहे. तांबडी कोल्हीण साधारण ५२ दिवसांत चार-सहा पिल्ले देते, तर मांटा पाकट वर्षभराच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच. म्हणून अतिमासेमारीनंतर पाकटांची संख्या सावरायला फार वेळ लागतो.

पाकटाच्या शेपटीवरचा विषारी काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपर्यंत) ३० ते ९० मिनिटे बुडवा. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा उपटू नका. कोल्हा चावला तर साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस घ्या.