चौथ्यावरून दुसऱ्यावर

प्रिय माजी चौथ्या क्रमांकास,

बेसबॉलमधल्या फलंदाजीच्या क्रमावरचा तुझा मेसेज रात्री उशिरा पाहिला. 'नव्या कोचने मला चौथ्यावरून दुसऱ्यावर टाकलं, माझं काय चुकलं?' ही त्यातली पहिली ओळ. 'टाकलं' वाचून हसूच आलं. अरे, बढतीचं पत्र हातात पडलंय आणि तू राजीनामा लिहायला बसलायस.

तुझा राग कळतो, नाही असं नाही. चौथ्या क्रमांकाला क्लीनअप म्हणतात, म्हणजे पहिल्या तिघांनी बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे तीन थांबे, भरायचे आणि चौथ्याने एका फटक्यात ते झाडून साफ करायचे. टीममधला सगळ्यात दांडगा गडी तिथे, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. १९२९ साली न्यूयॉर्कच्या यांकीज टीमने खेळाडूंच्या पाठीवर आकडे चढवले, ते फलंदाजीच्या क्रमानेच. लू गेहरिग चौथा, म्हणून त्याला ४. पण त्याच टीममधल्या बेब रूथच्या पाठीवर कितीचा आकडा होता? ३. ज्या खुर्चीसाठी तू रुसलायस ती त्या वर्षी रूथच्या वाट्यालाही नव्हती.

आता हिशोब. क्रिकेटमधला क्रम आधी डोक्यातून काढ. तिथे आउट झालास की पॅड सोडायचे. इथे नऊ जणांचं चक्र आहे, ते मॅच संपेपर्यंत फिरत राहतं. ते कुठेतरी थांबतं, आणि जिथे थांबतं तिथपर्यंतच्या सगळ्यांना मागच्यांपेक्षा एक खेप, म्हणजे फलंदाजीची एक पाळी, जास्त मिळालेली असते. शेवटचा आउट सहाव्याचा असेल तर पहिल्या सहांना एक जादा. थांबण्याची जागा मॅचगणिक बदलते, त्यामुळे एक क्रमांक वर सरकलास की साधारण नऊ मॅचमध्ये एक खेप वाढते. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या १६२ मॅचच्या हंगामात एका पायरीला १८ खेपा. तू दोन पायऱ्या वर गेलायस, आणि तुमचा हंगाम २७ मॅचचा आहे. म्हणजे सहा खेपा. सहा म्हणजे काय, असं म्हणशील. त्या सहा खेपा उरलेल्या सात जणांपैकी कोणाला द्यायच्या ते तूच सांग.

आणि या जादा खेपा मॅचच्या शेवटी येतात, हे फार कोणी बोलत नाही. मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही, मॅच हरून शिकलो. माझ्या टीममध्ये तुझ्यासारखाच एक होता. चेंडू लागला की कुंपणापार, नाही लागला की तीन स्ट्राइक घेऊन परत. त्या स्ट्राइकआउटना वैतागून मी त्याला पाचव्यावर ठेवला. बाद फेरीची मॅच, शेवटची इनिंग, आम्ही एका धावेने मागे, दोन आउट (तिसऱ्याला इनिंग संपते), दुसऱ्या बेसवर रनर. फलंदाजीला चौथा. हा पुढच्या फलंदाजासाठीच्या ऑन-डेक वर्तुळात उभा, बॅटवर वजनाची रिंग चढवलेली. चौथ्याने शॉर्टस्टॉपच्या फील्डरकडे जमिनीवरून साधा ग्राउंडर मारला. याने बॅटची मूठ जमिनीवर ठक् करून आपटली, रिंग निघून पायाशी पडली, आणि तेवढ्यात पहिल्या बेसवर आउटचा हात वर गेला. रिकामी बॅट हातात घेऊन तो माझ्याकडे बघत उभा राहिला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुझी पुढची शंका मला ठाऊक आहे: वर आलो तर बेसवर असणार कोण? शंका रास्त आहे. पहिल्याच्या पहिल्या खेपेला बेस रिकामेच, त्यामुळे तिथला होम रन, म्हणजे कुंपणापारचा फटका, एका धावेचाच. पण तू पहिला नाहीस, दुसरा आहेस. तुमचा लीडऑफ, म्हणजे पहिला फलंदाज, बेसवर पोचणारा असेल तर तुझ्यासमोर पहिल्याच इनिंगला माणूस उभा असतो. शिवाय पहिली फेरी संपली की तुझ्या आधी आठवा, नववा आणि पहिला येऊन गेलेले असतात.

तिसऱ्या क्रमांकाचं मात्र मला कधीच फार कौतुक वाटलं नाही. पहिले दोघे तीनातून एकदा बेसवर पोचतात असं धर. मग नऊपैकी चार वेळा दोघेही आउट होतात आणि तिसरा दोन आउट, बेस रिकामे अशा ओसाड वेळी येतो. तिथे वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटात मिळणारा पहिला बेस) मिळाला तरी फारसं हाताला लागत नाही. तिघेही गेले तर चौथा पुढची इनिंग कोरी सुरू करतो, आणि कोणी पोचलं असेल तर त्याला बेसवर माणसं मिळतात. म्हणून तुझ्यासारख्याला दुसरा किंवा चौथा, यात मी दुसऱ्याकडे झुकतो.

'मोठ्या लीगमध्ये असं कोण करतं?' असंही विचारशील. ॲरन जजने २०२२ मध्ये ६२ होम रन मारून मेजर लीगच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगचा विक्रम मोडला. तो ६२ वा फटका त्याने मारला तेव्हा तो चक्क पहिला फलंदाज म्हणून उतरला होता, मॅचची पहिलीच खेप. काइल श्वार्बरने २०२३ मध्ये बहुतेक काळ पहिल्यावर खेळून ४७ होम रन मारले. सरासरी .१९७, म्हणजे दहापैकी जेमतेम दोनदा हिट, जुन्या कोचांनी कपाळाला हात लावला असेल. पण वॉक होते १२६, हे तुझ्या वहीत ठळक लिहून ठेव. २०२४ मध्ये मूकी बेट्सचा हात मोडल्यावर डॉजर्सनी ओहतानीला पहिल्यावर नेलं. हंगामाअखेर त्याचे ५४ होम रन आणि फटक्याविना पळून चोरलेले ५९ बेस होते. उलट त्याच वर्षी जज बहुतेक तिसऱ्यावर होता, कारण त्याच्या पुढे दुसऱ्यावर हुआन सोतो बेसवर जाऊन उभा राहायचा. थोडक्यात, क्रमांक कोणाच्या नावावर कोरलेला नसतो. पुढे कोण आहे ते बघायचं.

पुढच्या माणसांची व्यवस्था लावायला कोच काय काय करतात, त्याचा माझा आवडता नमुना १९९८ चा. कार्डिनल्सचे टोनी ला रुसा यांनी पिचरला (चेंडू टाकणारा, फलंदाजीत बहुधा कच्चा) नवव्याऐवजी आठव्यावर खेळवलं. का? तर मार्क मॅग्वायर तिसऱ्यावर होता, आणि दुसऱ्या फेरीपासून त्याच्या आधी एक बरा फलंदाज जास्त यावा म्हणून. त्या वर्षी मॅग्वायरने ७० मारले. ते काही फक्त या युक्तीने नव्हे, उगाच कोणाला तसं सांगू नकोस. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी वेगळा फलंदाज असतो, त्यामुळे शेपूट आता पूर्वीइतकं मऊ नसतं. वरच्यांना त्याचा फायदाच.

राहिला प्रश्न तुझ्या मागे कोण, याचा. तुझ्या मेसेजच्या दुसऱ्या भागात ही तक्रार होती: 'तिसरा कच्चा आहे, मला खेळायला चेंडूच मिळणार नाही.' यात तथ्य आहे, पण तुला वाटतं तेवढं नाही. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होम रन मारले आणि वर्षभरात त्याला एकदाही मुद्दाम वॉक दिला नाही, कारण मागे मिकी मँटलसारखा दांडगा फलंदाज. २००४ मध्ये बॅरी बाँड्सला १२० वेळा मुद्दाम वॉक दिला. त्याची दहशत इतकी की १९९८ मध्ये ॲरिझोनाने बेस भरलेले असताना, नवव्या इनिंगला, दोन आउट, दोन धावांची आघाडी असताना त्याला वॉक देऊन एक धाव आंदण दिली. पुढचा फलंदाज आउट झाला आणि ॲरिझोना ८-७ ने जिंकली. पण बाबा, तू अजून बाँड्स नाहीस. तुला टाळलंच तर तू वॉक घे आणि पहिल्या बेसवर जा. मागच्याला घाबरून पिचर तुला मधोमध चेंडू देईल या आशेवर बसू नकोस, आणि वैतागून बाहेरचे चेंडू मारायला जाऊ नकोस. तो वैताग पिचरला हवाच असतो.

नवा कोच चुकला असंही होऊ शकतं. तुमचा लीडऑफ केवळ पायाने चपळ म्हणून वर असेल, वॉक घेत नसेल आणि खालचे तिघेही पोचत नसतील, तर तू दुसऱ्यावर रिकाम्या बेसना सलाम करत राहशील. मग चौथ्यावरच बरा. पण हे भांडून कळणार नाही. आणि क्रमाच्या या सगळ्या उलथापालथीने मोठ्या लीगच्या पूर्ण हंगामातही एखाद-दुसऱ्या विजयाचाच फरक पडतो, तेव्हा डगआउटमध्ये त्यापायी तोंड पाडून बसायचं काही कारण नाही.

एक काम कर. पुढच्या सहा मॅच स्कोअरबुकच्या कडेला तुझ्या दर खेपेआधी दोनच गोष्टी लिही: बेसवर कोण कोण आणि आउट किती. तू काय केलंस ते लिहू नकोस, ते तुला तोंडपाठ असतंच. सहा मॅच झाल्या की पानांचे फोटो मला पाठव. बेस खरंच रिकामे दिसले तर तुझ्या कोचला फोन मी करतो.

तुझा,
जुना कोच

ता. क. बॅटची रिंग आधीच काढून ठेवत जा.