पंचविसावी डिसेंबरात, मालदीव मे महिन्यात

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४८, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, नेमणूक २००४ ची, म्हणजे जुनी पेन्शन लागू. मिस्टर खासगी कारखान्यात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १५ हजार, घरकर्जाचा हप्ता २१ हजार, अजून सात वर्षं. मुलीच्या एमबीएसाठी ६ लाखांची एफडी, ती पुढच्या जूनमध्ये लागणार. सेव्हिंगला १ लाख ८० हजार. महिन्याला १० हजारांची वर्षाची आरडी, मार्चमध्ये सुटेल. शिवाय लाखाची भिशी, ताईंचा नंबर फेब्रुवारीत. येत्या डिसेंबरात लग्नाला २५ वर्षं होतायत. 'एकदा तरी मालदीवच्या त्या पाण्यावरच्या खोलीत राहायचंय' ही ताईंची हौस. एजंटनं २४ ते २८ डिसेंबरचा भाव दिलाय: खोली रात्रीला ७०० डॉलर 'प्लस प्लस', नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. सी-प्लेन माणशी ५०० डॉलर, विमान तिकीट वेगळं. 'साडेतीन लाखांत बसेल असं वाटतं. शिक्षक सोसायटीचं ४ लाख कर्ज काढू का, १२ टक्क्यांनं, तीन वर्षांसाठी? की एफडी मोडू?'

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, मग हिशेब. मालदीवला जरूर जा. डिसेंबरात नको, आणि सोसायटी काढून तर अजिबात नको.

'ही उधळपट्टी तर नाही ना?' असं तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय. नाही. पंचवीस वर्षांत तुमचं सगळ्यात लांबचं फिरणं केरळ, तेही शाळेच्या सहलीबरोबर, असं तुम्हीच लिहिलंय. तुमची पेन्शन जुनी, घराचं कर्ज निवृत्तीच्या आत फिटतंय, मुलीची फी बाजूला काढलेली. अशा घरात वर्षातून एक मोठा खर्च हौसेचा असला तर माझी हरकत नसते. हेच १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या एखाद्या शिक्षिकेनं विचारलं असतं, तर मी आधी तिच्या एनपीएसचा, म्हणजे नव्या पेन्शनच्या खात्याचा, आकडा मागितला असता.

आता तो साडेतीन लाखांचा आकडा. तुम्ही ७०० गुणिले ४ गुणिले ९० केलं, २ लाख ५२ हजार आले, त्यात ७० हजारांची तिकिटं मिळवली आणि वर थोडी ढील ठेवली. सी-प्लेन धरायचं राहूनच गेलं, आणि मोठा घोळ त्या 'प्लस प्लस' मध्ये आहे. पहिलं प्लस म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज. दुसरं म्हणजे तिथला पर्यटन जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय, आणि तो सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे छापील १०० डॉलर तुम्हाला १२८ डॉलर ७० सेंटना पडतात. खोली, जेवण, कॉफी, मसाज, मासे बघायला नेणारी बोट, बिलाच्या जवळपास प्रत्येक ओळीला हाच गुणाकार. मेन्यू कार्डवरही भाव प्लस प्लसच असतात, तेव्हा पान उलटताना मनातल्या मनात सव्वापटीपेक्षा थोडं जास्तच धरायचं.

डॉलर ९० रुपये धरून तुमचीच सहल पुन्हा मांडतो. चार रात्रींची खोली २८०० डॉलर नाही, ३६०४ डॉलर, म्हणजे ३ लाख २४ हजार. त्यावर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर: दोघांचे चार दिवसांचे ८,६४०. सी-प्लेन ९० हजार. तिकिटं ७० हजार. (परतताना विमानतळाचे जे दोन कर लागतात, इकॉनॉमीला माणशी ५० आणि ५० डॉलर, ते तिकिटातच असतात. तिकीट अंतराच्या मानानं महाग वाटतं ते त्यामुळेही.) इथवर ४ लाख ९३ हजार. तुमच्या तारखांत नाताळ येतो. अनेक रिसॉर्ट त्या रात्रीचं खास जेवण सक्तीचं करतात, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी झोपा. माणशी २०० डॉलर प्लस प्लस धरले तर दोघांचे ४६ हजार. चार दुपारची जेवणं ३२ हजार. मासे आणि पोवळी बघायची एक फेरी २३ हजार. झाले की पाच लाख चौऱ्याण्णव हजार!

म्हणजे ४ लाखांचं कर्ज काढूनही तुम्ही बेटावर दोन लाख कमी पडून उभ्या असाल. मग कार्ड घासलं जाणार. बहुतेक कार्डांवर परदेशी चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ते बिल पुढच्या महिन्यात पूर्ण भरता आलं नाही, तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं. सोसायटीचा हप्ता आधीच १३,२८६ रुपये, तीन वर्षांत व्याजच ७८ हजार. ते फिटेपर्यंत तुमच्या लग्नाला २८ वर्षं झालेली असतील आणि मुलीची नोकरी सुरू झालेली असेल. सोसायटी काढणं शिक्षकांना सोपं वाटतं, कारण सही केली की पैसे येतात आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, दिसत नाही. मला तीच गोष्ट खटकते. एफडीबद्दल एवढंच सांगतो की तिच्यावर मुलीचं नाव लिहिलंय आणि जून काही लांब नाही. तिला हात लावायचा नाही.

आता मे महिना. तुम्हाला उन्हाळ्याची सुट्टी असते, रजा मोडायची गरज नाही. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, तेव्हा युरोपातले लोक थंडीतून पळून तिथे येतात आणि भाव चढे राहतात. मेपासून नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि दर उतरतात, बऱ्याच ठिकाणी चांगलेच. पाऊस येतो, वारा असतो, एखादा दिवस खोलीत बसून काढावा लागेल. हे लपवून मी तुम्हाला पाठवणार नाही. पण आपण कृष्णाकाठची माणसं, पावसाला काय भ्यायचं. शिवाय बा अटोल या बेटसमूहातल्या हनिफारू बे नावाच्या खाडीत मांटा रे मासे येतात ते याच वाऱ्यांच्या दिवसांत, मे ते नोव्हेंबर.

दुसरी गोष्ट, चारही रात्री पाण्यावरच काढायच्या हा हट्ट सोडा. ती खोली पहिल्या रात्री स्वप्न असते, दुसऱ्या रात्री आनंद, आणि तिसऱ्या रात्री माणूस पंख्याचा वेग शोधायला लागतो. दोन रात्री पाण्यावर, तीन रात्री माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये. तिथे स्थानिक लोक राहतात, दुकानं आहेत, मशिदीची बांग ऐकू येते, जेवण गल्लीतल्या हॉटेलात होतं. पन्नासपेक्षा कमी खोल्यांच्या गेस्ट हाऊसला ग्रीन टॅक्सही निम्मा, ६ डॉलर. सकाळी मास हुनी मागवा: ट्यूना, खोवलेलं खोबरं, कांदा, लिंबू, मिरची एकत्र कालवलेली, बरोबर रोशी म्हणजे आपल्या चपातीची बहीण. मिस्टर शाकाहारी असतील तर गेस्ट हाऊसला आधी कळवून ठेवा, कारण तिथे मासा म्हणजे भाजीच.

आधी माफुशी, शेवटी रिसॉर्ट, हा क्रम उलटा करू नका. थाटातून साधेपणाकडे येताना माणूस कुरकुरतो.

तिसरी गोष्ट सी-प्लेनची. विमानातून दिसणारी बेटांची ती निळी-हिरवी कडी फार सुंदर असतात, कबूल. पण सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान मालेला दुपारी साडेतीन-चारनंतर उतरलं, तर त्या दिवशीचं सी-प्लेन गेलं आणि विमानतळाजवळच्या हुलहुमालेत एक रात्र पदरचे पैसे घालून काढावी लागते, रिसॉर्टची भरलेली रात्र वाया. सामानालाही साधारण २० किलो आणि हातात ५ किलोची मर्यादा. त्यापेक्षा मालेपासून स्पीडबोटीनं पोचता येईल असंच रिसॉर्ट निवडा. एजंटला पहिला प्रश्न खोलीचा नाही, पोचण्याचा विचारायचा.

या बेतानं मांडलं तर: दोन रात्री पाण्यावरच्या, मे महिन्यात ४५० डॉलर प्लस प्लसची खोली धरली तर कर धरून ११५८ डॉलर. स्पीडबोट दोघांची ३००. माफुशीच्या तीन रात्री २४०, तिथल्या बोटी १००, जेवणं १२०, समुद्रातली एक फेरी ८०. दोन्हीकडचा ग्रीन टॅक्स ८४, रिसॉर्टवरचं एक दुपारचं जेवण ९०. बेरीज २१७२ डॉलर, म्हणजे १ लाख ९५ हजार, अधिक मेमधली तिकिटं ६० हजार. अडीच लाखांच्या थोडं वर. भाव वर-खाली होतील, डॉलरही वाढेल, म्हणून मनात २ लाख ८० हजार धरा.

पैसे कुठून? जो १३,२८६ चा हप्ता तुम्ही सोसायटीला द्यायला तयार होता, तोच सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाका. आठ महिन्यांत १ लाख ६ हजार. मार्चमध्ये आरडीचे १ लाख २० हजार आणि वर व्याज. राहिलेले पन्नासेक हजार भिशीतून. भिशीतले उरलेले पन्नास मुलीच्या हॉस्टेलच्या डिपॉझिटला होतील. सेव्हिंगचे १ लाख ८० हजार दवाखान्यासाठी आहेत तिथेच राहू द्या.

आता थोडं बारीकसारीक, ज्यात पैसे गळतात. तुम्ही दोघंही दारू घेत नाही असं लिहिलंय, मग 'ऑल इन्क्लुझिव्ह' घेऊ नका. त्या भावात बारचा मोठा वाटा असतो, तुम्ही शेजाऱ्याची बिअर भरत बसाल. हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, एवढंच घ्या, नाश्ता उशिरा आणि पोटभर करा, दुपारी खोलीतल्या किटलीवर चहा आणि बरोबर आपलं भडंग. रिसॉर्टच्या बेटावर दुसरं दुकान नसतं, एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, त्यामुळे क्रोसिन, सनस्क्रीन, डासांचं मलम, मोबाईलचा चार्जर, सगळं इथून न्यायचं. पोहायचा चष्मा-नळी सांगलीत नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा, तिथे दिवसाच्या भाड्यानं महाग पडते. दारू आणि पूजेची मूर्ती मात्र बॅगेत ठेवू नका, कस्टमला चालत नाही. देव्हाऱ्यातला छोटा गणपती बरोबर न्यायची आपली सवय असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा, तोही फुकट. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ती वेबसाइट खोटी समजा. परदेशी जाण्याआधी खात्याची परवानगी मात्र घ्या, आणि अर्ज मार्चमध्येच टाका. परीक्षा आणि निकालांच्या गडबडीत फाईल कुठे अडकते हे तुम्हाला मी सांगायला नको.

एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे तुमच्या नावानं आगाऊ भरायचा आयकर, कापतील. १ एप्रिल २०२६ पासून परदेशी टूर पॅकेजवर तो २ टक्के आहे, आधी १० लाखांपर्यंत ५ टक्के होता. हा खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. पैसे ज्याच्या पॅनवर भरले त्याच्याच नावावर तो जमा दिसतो, तेव्हा एजंटला पॅन एकाचाच द्या आणि पावती जपा.

मिस्टरांनी सुचवलेलं लक्षद्वीपही वाईट नाही. समुद्र तोच, डॉलरचा प्रश्न नाही. पण प्रवेश परवाना लागतो, खोल्या मोजक्या आणि बहुतेकांचं जाणं कोचीवरून. मे महिन्याच्या मध्यापासून तिथलाही समुद्र खवळतो. शिवाय तुम्हाला हवी आहे ती पाण्यावरची खोली. नवऱ्याच्या सोयीसाठी ती बदलू नका.

राहता राहिलं तुम्ही एजंटला दिलेलं १५ हजारांचं टोकन. आजच त्याला व्हॉट्सअॅपवर लिहून विचारा की ही रक्कम मे महिन्याच्या बुकिंगला वळती करणार का, आणि नवा भाव सगळे कर धरून, डॉलरमध्ये, एका आकड्यात दे. बोलण्यावर जाऊ नका, लेखी घ्या. 'हो' म्हणाला तर त्याच्याकडूनच करा, आणि लग्नाची पंचविशी आहे हे बुकिंगमध्येच लिहायला सांगा. बरीच रिसॉर्ट केक किंवा पलंगावर फुलांची सजावट पदरची करतात, पण आधी कळवलं तरच. 'नाही' म्हणाला तर १५ हजार सोडून द्या. ते वाचवायला तुम्ही तीन लाखांहून जास्त पैसे जास्तीचे घालायला निघाल्या होतात.