शाळेच्या जेवणात दूध हवंच का? आणि मूल दूध पीत नसेल तर काय करावं?

मी मुलांच्या आहाराचं काम करते. पालक आणि शिक्षक दोघंही मला हे विचारतात, म्हणून माझं मत आधीच सांगते. दूध जेवणाच्या जोडीला असावं, जेवणाऐवजी नको. ज्या मुलांच्या पोटात घरी पुरेसं काही जात नाही, त्यांना शाळेतल्या त्या पेल्याची गरज सर्वांत जास्त असते.

२०० मिली दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. धान्यात लायसीन, म्हणजे प्रथिनांतला एक आवश्यक घटक, कमी असतो, ती उणीव दूध भरून काढतं. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्यामुळे मांस, मासे, अंडी न खाणाऱ्या मुलाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. पण दुधात लोह जवळजवळ नाही, क जीवनसत्त्व नगण्य आणि तंतू तर अजिबात नाहीत. म्हणून दुधाला पूर्णान्न मानून शाळकरी मुलाचं जेवण त्यावर भागवणं मला पटत नाही.

दुधाने वाढ खरंच होते का, हे शंभरेक वर्षं तपासलं जातंय. १९२०च्या दशकात कोरी मान या डॉक्टरांनी लंडनजवळच्या एका बालगृहातल्या काही मुलांना नेहमीच्या जेवणावर रोज एक पाइंट, म्हणजे सुमारे ५७० मिली दूध दिलं. वर्षभरात त्या मुलांचं वजन सरासरी सात पौंडांनी वाढलं, नुसत्या जेवणावरच्या मुलांचं चार पौंडांहूनही कमी. उंचीतही फरक पडला.

मग १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनर्कशरमध्ये वीस हजार मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज पाऊण पाइंट दूध, निम्म्यांना काही नाही. मुलांची निवड नीट झालेली नाही असं वाटलं तर ती बदलायची मुभा शिक्षकांना होती, आणि तिथेच घोळ झाला. हडकुळी, गरीब मुलं दुधाच्या गटात जास्त आली असावीत, कारण दूध न मिळणारी मुलं सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने सरस होती. शिवाय वजनं कपड्यांसकट घेतली होती, पहिलं थंडीत आणि दुसरं उन्हाळ्यात. गरीब मुलांकडे जाड कपडे आधीच कमी, त्यामुळे कपड्यांचा फरकही दोन्ही गटांत सारखा नव्हता. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी १९३१ मध्ये हे सगळं दाखवून दिलं. त्या शिक्षकांचा मला राग येत नाही. समोर उपाशी मूल असताना दुधाचा पेला दुसऱ्याला देणं कोणाला जमेल?

अलीकडचा मला महत्त्वाचा वाटणारा अभ्यास केनियातला, १९९८ ते २००० मधला. तिथे शाळेत मधल्या वेळच्या खाण्यात काही मुलांना मांस, काहींना दूध, तर काहींना तितक्याच उष्मांकाची तेलाची भर दिली. बुद्धीच्या चाचणीत मांस मिळालेली मुलं पुढे गेली. दुधाचा फायदा उंचीत दिसला, तोही वयाने लहान आणि आधीच वाढ खुंटलेल्या मुलांत. प्रत्येक पदार्थाचं काम वेगळं असतं, दुधावर सगळा भार टाकता येत नाही.

शाळेला मी एवढंच सांगेन की दूध सकाळच्या मधल्या सुट्टीत द्या आणि डाळी, पालेभाज्यांचं जेवण नंतर. कॅल्शियममुळे त्याच वेळी खाल्लेल्या अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. साखर घातलेलं रंगीत, सुगंधी दूध रोज नको. दुधात स्वतःची साखर असतेच.

आता तुमच्या मुलाबद्दल. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसण्याची शक्यता आहे. वाढत्या वयात पुष्कळ मुलांचं असं होतं. थोडं थोडं, जेवणासोबत दिलेलं दूध अनेकांना सोसतं, दही त्याहून सोपं जातं. अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं मात्र वेगळं. ती ॲलर्जी असू शकते, तेव्हा दूध बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा. त्रास काही नाही, नुसती चव आवडत नसेल, तर जबरदस्ती करू नका. कॅल्शियम तीळ, नाचणी, पालेभाज्यांतून आणि प्रथिनं डाळींतून मिळवता येतात. पण अंडी-मासेही खात नसेल, तर बी-१२ ची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.